आजोबा म्हणाले नाहीत

आमचे हे लोकांना गाडी चालवायला शिकवतात. आयुष्यभर हाच धंदा. गावात आज जे ऐटीत गाड्या फिरवतात, त्यातल्या निम्म्यांचे हात कधीतरी ह्यांच्या शेजारी बसून लटलटलेले आहेत. रस्त्यात कुणी भसकन वळलं, की हे खिडकीतून बघतात आणि शांतपणे सांगतात, "हा माझा नव्हे." कुणी नीट थांबून, दोन्हीकडे बघून गेला, की तो ह्यांचाच असतो, मग तो परगावाहून शिकून आलेला का असेना.

शिकवणीच्या गाडीत एक गंमत असते. शिकणाऱ्याच्या पायाशी क्लच आणि ब्रेक असतात, तसेच आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी असतात. शिकणारा घाबरून भलतंच काही करायला लागला, की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात. हे तो इतका अलगद दाबतात, की शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपणच थांबवली. तो घाम पुसतो आणि खूश होतो. हे म्हणतात, "छान थांबवलीत." एरवी खोटं बोलायची वेळ आली की ह्यांची जीभ अडखळते, पण हे खोटं दिवसातून कितीदा बोलतात, आणि चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

आवाज कधी चढवत नाहीत. नवशिका कितीही धांदरट असो, हे म्हणणार, "घाई नाही. आधी आरसा बघा. आता क्लच हळूहळू सोडा. सोडा... सोडा..." ह्या आवाजाने भलेभले ताळ्यावर येतात. घरीही तोच आवाज असतो आणि मी मात्र त्याने ताळ्यावरून जाते. मी भांडायला तोंड उघडलं, की हे म्हणतात, "घाई नाही." अशा माणसाशी भांडण रंगतं का सांगा.

त्यांचा उजवा पाय ही वेगळीच भानगड आहे. दुसऱ्याच्या गाडीत बसले, की पाय दाबतात. बसमध्ये दाबतात. टीव्हीवर कुणी पळायला लागलं तरी दाबतात. लग्न झाल्यावर मला हौस आली होती गाडी शिकायची. मला काही सुचायच्या आत ह्यांचा पाय ब्रेकवर. मी वळले की गाडी थांबे, मी वेग घेतला की थांबे. शेवटी भर चौकात मी गाडीतून उतरले, दार आपटलं आणि चालत घरी आले. मागून हे येत होते, हळूहळू, सिग्नल देत. त्यानंतर मी कानाला खडा लावला.

आता ढब्बूबद्दल. ढब्बू म्हणजे आमचा नातू, लेकीचा मुलगा. जावयाची नोकरी लांब, म्हणून लेक आणि ढब्बू आमच्याकडेच राहतात. आमची लेक डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासायची. भिंतीवरची अक्षरं लोकांकडून वाचून घ्यायची, काचा बदलायच्या, "आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारायचं, ह्या कामावर तिचा फार जीव. ढब्बू झाला आणि ते सुटलं. परवा दवाखान्यातून फोन आला, की पहिल्या तारखेपासून येणार असलीस तर ये, नाहीतर दुसरी मुलगी घेतो. फोन ठेवून ही पोरगी स्वयंपाकघरात आली आणि बरणीवरचं लेबल एक डोळा झाकून वाचायला लागली. इतकी आनंदात मी तिला कितीतरी दिवसांत बघितली नव्हती.

ढब्बूला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. मी घरी पडदे शिवते. मशीन, सुया, कात्र्या आणि माझी गुडघेदुखी. त्यात ढब्बू म्हणजे आगीत तेल. हे सकाळ-संध्याकाळ गाडीवर. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक पाळणाघर आहे आणि तिथे एकच जागा शिल्लक होती. पण त्या पाळणाघराच्या बाई खमक्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "डायपर चालणार नाही. पोरगं स्वतः सांगणारं, स्वतः बसणारं हवं. एक आठवडा ठेवून बघेन, मग हो की नाही ते सांगेन."

इथेच घोडं पेंड खात होतं. ढब्बू डायपरशिवाय म्हणजे वॉशर गेलेला नळ. पॉटी आणून ठेवली होती, निळी, हत्तीच्या सोंडेची. ढब्बूने ती डोक्यात घातली, तिच्यात खेळण्यातल्या गाड्या लावल्या, तिच्यावर उभं राहून कपाटातली बिस्किटं काढली. तिच्यात जे करायचं ते मात्र पडद्यामागे उभं राहून करायचा, आणि तेही माझ्या गिऱ्हाइकाच्या पडद्यामागे. तोंड लाल झालं, डोळे वटारले, की समजावं काम चालू आहे. जवळ गेलं की म्हणे, "इथे कोणी नाही."

मी लेकीला म्हटलं, "मी तीन पोरं काढली त्यातून. नजर ठेवायची, बसवायचं, पुसायचं. होतं हळूहळू."

"हळूहळू नको आई," ती म्हणाली. "पहिल्या तारखेला हवं."

तेवढ्यात हे जेवता जेवता म्हणाले, "माझ्यावर सोड. आजवर एवढी माणसं शिकवली, हे तर एवढंसं पोर."

मला ठसका लागला. तीन पोरांत ज्या माणसाने एकदा फडकं हातात धरलं नाही, त्याने हे बोलावं. मी तसं बोलून दाखवलं. हे म्हणाले, "धरलं नसेल, पण बघत होतो."

"हो, दारातून. नाकाला रुमाल लावून."

"लांबून जास्त नीट दिसतं," हे म्हणाले आणि वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या मोकळ्या वेळात शिकवणी सुरू झाली. मी मशीन बंद करून बघायला बसले, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतं. ह्यांनी पॉटी न्हाणीघरात भिंतीकडे पाठ करून ठेवली. समोर, ढब्बूच्या डोळ्यांच्या उंचीवर, माझा छोटा आरसा अडकवला. ढब्बूच्या हातात डब्याचं गोल झाकण दिलं, म्हणजे ते स्टिअरिंग. आणि स्वतः शेजारी पाटावर बसले, जसे गाडीत बसतात तसे, पाठ ताठ, पाय पुढे.

"बसा," हे म्हणाले. गाडीत हे सगळ्यांना अहो-जाहो करतात आणि त्यांच्या लेखी ही गाडीच होती. "आधी आरसा बघा. मागून कोणी येतंय?"

ढब्बूने आरशात बघितलं. "आजी येते."

"आजीला जाऊ द्या. आता घाई नाही. गाडी उभी आहे. इकडेतिकडे बघू नका. आता हळूहळू सोडा. सोडा... सोडा..."

ढब्बूने तोंडाने फुर्र आवाज केला, झाकण गरागरा फिरवलं आणि उठून गेला. थोड्या वेळाने शिवलेल्या पडद्यामागून हाक आली, "इथे कोणी नाही."

मला हसू आवरेना. हे मात्र ढिम्म. "पहिल्या दिवशी गाडी बंद पडतेच," असं म्हणून चप्पल घालून निघाले.

पण चिकाटी म्हणाल तर ती ह्यांच्याकडे आहे. रोज दुपारी आरसा, झाकण, पाट. रोज तोच आवाज. ढब्बूला गाडीचं वेड, आणि आजोबा आपल्याला मोठ्या माणसासारखं अहो म्हणतात ह्याची ऐट. तो स्वतःहून जाऊन बसायला लागला. आणि एका दुपारी हे म्हणाले, "आता सोडा," आणि पॉटीत खळखळ आवाज आला. ढब्बूने खाली वाकून बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. दोघांच्या चेहऱ्यावर सारखंच आश्चर्य होतं. हे ते भांडं दोन्ही हातांनी धरून घरभर फिरले. लेकीला दाखवलं, मला दाखवलं, शेजारणीलाही दाखवणार होते, मी दार अडवलं म्हणून वाचली बिचारी.

त्यानंतर तर जादूच. ढब्बू बसायचा, आजोबांकडे बघायचा, आजोबा म्हणायचे सोडा, आणि काम फत्ते. शू असो की शी, हुकूम सुटला की सुटला. ह्यांची छाती अशी फुगली, की शर्टाची बटणं मी दोनदा शिवली. गाडीत शिकायला येणाऱ्यांनाही सांगून झालं. एक गृहस्थ म्हणे कागदपत्रं द्यायला आले होते, त्यांना न्हाणीघराच्या दारापर्यंत नेऊन प्रात्यक्षिक दाखवलं. लेकीने दवाखान्यात कळवून टाकलं, की मी येते.

मला मात्र कुठेतरी खटकत होतं. हे बाहेर गेलेले असले, की ढब्बू न्हाणीघरात जाऊन बसायचा, आरशात बघायचा आणि मग नुसता बसून राहायचा. मी म्हणायची, "कर की बाळा." तो म्हणायचा, "आजोबा म्हणाले नाहीत." मी ह्यांच्यासारखा आवाज काढून "सोडा, सोडा" म्हणून बघितलं. पोराने माझ्याकडे इतक्या कीव आलेल्या नजरेने बघितलं, की मला माझीच लाज वाटली.

एकदा तर तो पाय आवळून, वाकडातिकडा होऊन नाचायला लागला आणि तरी करेना. मी घाबरले. ह्यांना फोन लावला. हे तेव्हा दाताच्या डॉक्टरीणबाईंना शिकवत होते. ह्या बाई लोकांचे दात एका झटक्यात उपटतात, पण गाडीत बसल्या की पाचावर धारण. चौकातल्या फुलझाडांच्या गोलाला लागून त्यांची गाडी उभी होती, पुढे माणसं रस्ता ओलांडत होती, बाईंनी क्लच जीव खाऊन दाबून धरला होता. माझा आवाज ऐकून हे कळवळले. मी फोन ढब्बूच्या कानाला लावला. पलीकडून हे प्रेमाने, मोठ्या आवाजात म्हणाले, "घाई नाही राजा. सोडा. सोडून द्या."

ढब्बूने सोडलं, आणि डॉक्टरीणबाईंनीही सोडलं.

गाडीने उडी मारली आणि थेट गोलातल्या फुलझाडांत जाऊन बसली. माणसं आधीच पलीकडे पोचली होती म्हणून कुणाला ओरखडाही आला नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचा पाय ब्रेकवर वेळेवर पडला नाही, कारण ह्यांचा सगळा जीव फोनमध्ये होता. घरी आले ते शर्टाच्या खिशात झेंडू घेऊन. मी विचारलं, "हा तुमचाच का?" त्या संध्याकाळी ते माझ्याशी बोलले नाहीत. हसू दाबून दाबून माझं पोट दुखलं, पण त्या हसण्याच्या तळाशी धाकधूक होतीच. पाळणाघरात आजोबा कुठून आणायचे?

व्हायचं तेच झालं. सोमवारी ढब्बूला पाळणाघरात सोडलं. आठवडाभराची परीक्षा, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी, पहिल्या तारखेला, लेकीला कामावर हजर व्हायचं. संध्याकाळी ढब्बूला आणायला गेलो, तर बाई दारातच. "मुलगा गोड आहे," म्हणाल्या, "पण सकाळपासून एकदाही केलं नाही. बसतो, 'आजोबा म्हणाले नाहीत' म्हणतो, उठतो. पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की लागते हे त्याला कळतं. हुशार आहे म्हणूनच अवघड आहे." घरी आल्याआल्या ह्यांनी सोडा म्हटलं आणि पोराने इतकं सोडलं, की भांडं पुरेना. मंगळवारी तेच. त्यावर बाईंनी सांगितलं, "पोटात दुखणं लावून घेईल हे पोर. असं चालणार नाही. आठवड्याअखेर कुणाच्या सांगण्याशिवाय बसला तर ठेवेन, नाहीतर घेऊन जा. आणि ते आजोबा कोण आहेत, त्यांना उद्या पाठवा."

घरी लेकीच्या रागाचा बांध फुटला. ती रडली नाही, ते एक बरं, कारण तिच्या रागापेक्षा तिचं रडणं मला जड जातं. ह्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला बसायला शिकवलंत की तुमचं ऐकायला? तो तुमच्याशिवाय काही करू शकत नाही, हे तुम्हाला आवडतं ना?"

ह्यांनी घाई नाही असंही म्हटलं नाही. उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला ह्यांचा राग आला होता, आणि तरी ती त्यांची पाठ बघून तो टिकेना. जिव्हाळ्याने केलेलं काम असं तोंडावर आपटलं, की माणसाने करायचं काय?

बुधवारी हे पाळणाघरात गेले. बाई मोठ्यांशीही लहान मुलांशी बोलतात तसंच बोलतात. ह्यांना एका टीचभर खुर्चीत बसवलं, गुडघे कानाशी आले, आणि सांगितलं, "आजोबा, तोंडावर बोट." ह्यांनी बोट ठेवलं. समोर न्हाणीघरात चार-पाच छोट्या पॉट्या ओळीने, त्यातल्या एकीवर ढब्बू आणि शेजारी दोन वेण्यांची एक चिमुरडी. ढब्बू आजोबांकडे बघतोय, आजोबा ढब्बूकडे. ढब्बूचा चेहरा कळवळला आणि बोटाआडून ह्यांच्या तोंडून निसटलंच, "सोडा." ढब्बूने सोडलं. शेजारच्या चिमुरडीनेही सोडलं, आणि मग बराच वेळ रडली, कारण तिला मुळी उठायचं होतं. बाईंनी ह्यांना दाराबाहेर उभं केलं.

गुरुवारी हे मूग गिळून बसले. शब्द नाही. पण ढब्बू तिथे पाय आवळून बसलेला, ते बघवेना, आणि शेवटी ह्यांचा घसा खाकरला. पोराने तो खाकरा हुकूम समजून काम उरकलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, खोकला मोजला जाणार नाही."

त्या संध्याकाळी हे माझ्या मशीनपाशी येऊन बसले. थोडा वेळ कापडाच्या चिंध्या गोळा केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "तू कसं करायचीस गं, आपल्या पोरांचं?"

ह्या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघत होते. टोमणे तर जिभेच्या टोकावर रांगेत उभे होते. पण त्यांचं तोंड बघितलं आणि एकही बाहेर पडेना. "मी काही करायचेच नाही," मी म्हटलं. "पोर बसवायचं आणि आपण आपलं काहीतरी काम करत बसायचं. आपलं लक्ष नाही असं बघितलं, की ती आपलं आपण उरकायची."

"आणि नाही जमलं, तर?"

"तर पुसायचं."

ह्यांनी हातातल्या चिंधीची घडी केली. मग म्हणाले, "माझ्याने पाय काढवत नाही. गाडीत मी पाय काढला तर माणूस मरतो."

"इथे फक्त चड्डी ओली होते," मी म्हटलं.

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेले. लेकीला संध्याकाळी दवाखान्यात येते की नाही ते शेवटचं सांगायचं होतं आणि ती घरात येरझारा घालत होती, तिला घरीच ठेवली. मी ह्यांच्या मांडीवर माझ्या पडद्यांच्या कड्यांची पिशवी दिली आणि एक लांब दोरा. "ओवा. मान वर करायची नाही." टीचभर खुर्चीत बसून हे कड्या ओवायला लागले. बाईंनी ते बघितलं आणि ढब्बूला समोरच्या न्हाणीघरात नेलं.

ढब्बू बसला. आजोबांकडे बघितलं. आजोबा कड्या ओवत होते. "आजोबा," त्याने हाक मारली.

"मी कामात आहे," हे म्हणाले. मान खालीच.

ढब्बू उठला, चड्डी ओढत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. वाकून त्यांच्या तोंडात बघितलं, की शब्द आत अडकला आहे का. ह्यांनी एक कडी ओवली. ढब्बूने त्यांचा गुडघा हलवला. आणखी एक कडी. पोराचा खालचा ओठ बाहेर आला, डोळे भरले, आणि तिथेच, ह्यांच्या समोर उभ्या उभ्या, ह्यांच्या दोन्ही बुटांवर त्याने सगळं सोडून दिलं.

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं संपलं, आता लेकीला काय सांगू. पण बाई म्हणाल्या, "चला, कुणाला न विचारता झालं. आता जागा तेवढी बदलायची आहे." त्यांनी ढब्बूला कोरडी चड्डी घातली आणि पेलाभर पाणी दिलं. काल-परवा पाण्याकडे न बघणारं पोर गटागटा प्यायलं. ह्यांनी बूट काढून ठेवले, मोजे काढले आणि अनवाणी पायांनी पुन्हा कड्या घेऊन बसले.  दोरा कडीत जाईना, पण मान काही वर केली नाही.

ढब्बू ठोकळ्यांशी खेळत होता. ती दोन वेण्यांची चिमुरडी त्याचा मनोरा पाडत होती आणि तो तिच्यावर ओरडत होता. मध्येच त्याचा हात थांबला. तो उठला आणि न्हाणीघराकडे निघाला. ह्यांना राहवलं नाही. पिशवी बाजूला ठेवून हे उठले आणि त्याच्या मागे दोन पावलं गेले. ढब्बू दारात वळला.

"आजोबा, तू नको येऊ," तो म्हणाला. "तू बाहेर थांब." आणि त्याने दार लोटलं.

आम्ही तिघं दाराबाहेर कान देऊन उभे. आत काहीच ऐकू येईना. मग बारीक धार पडल्याचा आवाज आला. हे श्वास रोखून वाट बघत होते, की आता हाक येईल, आजोबा बघ. रोज यायची तशी. पण हाक आली नाही. पॉटी ओढल्याचा आवाज आला, मग धप्प, मग पाणी सांडल्यासारखं. भांडं आपलं आपण मोठ्या संडासात ओतायचं त्याने ठरवलं होतं, आणि अर्धं आत गेलं, अर्धं जमिनीवर. दार उघडलं. चड्डी गुडघ्यांत, पाय ओले, आमच्याकडे न बघता तो आमच्या मधून गेला आणि पहिल्यांदा त्या चिमुरडीला ढकललं, मग मनोरा बांधायला बसला.

"सोमवारी पोराला नुसतं पाठवा," बाई म्हणाल्या. "आजोबा नकोत."

मी तिथूनच लेकीला फोन केला. तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "कुणी सांगितलं नव्हतं ना? खोकला पण नाही ना?" मी नाही म्हटलं. पलीकडे ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

हे अजून त्या दारापाशीच उभे होते. "मला बघायला बोलावलं नाही त्याने," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि आनंदही झाला होता. डोळे पुसायचंही भान नव्हतं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातलं फडकं घेतलं, बादली ओढली आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर गुडघे टेकले. आमच्या संसारात पहिल्यांदा. फडकं कसं पिळायचं तेही ठाऊक नाही, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

मी दारातून बघत होते. "कोपऱ्यात राहिलंय तिकडे," मी म्हटलं.

"सांगू नकोस," हे म्हणाले. "दिसतंय मला."

मी तोंड मिटलं आणि दार लोटून बाहेर जाऊन उभी राहिले.